सुधारणेस वाव आहे

कार्यशाळेच्या दिवशी वडूजला सकाळी साडेनऊपासून मोटारसायकली उतरू लागतात. मायणी-निमसोडकडून येतात, पुसेगाव-बुधकडून येतात, औंध-पुसेसावळीकडून येतात. गाडीवरचा माणूस कोण, हे ओळखायला चेहरा बघायची गरज नसते. खांद्यावरची पिशवी बघावी. प्रशिक्षणात पिशवी मिळते आणि तिच्यावर त्या प्रशिक्षणाचं नाव छापलेलं असतं. मास्तर लोक चालू प्रशिक्षणाला मागल्या प्रशिक्षणाची पिशवी घेऊन येतात. जिच्यावरचं नाव धुऊन धुऊन पार गेलंय, ती पिशवी सेवाज्येष्ठाची. जिच्यावरचं बोधवाक्यसुद्धा अजून वाचता येतं, तो नुकताच शिक्षणसेवकाचा शिक्षक झालेला. आणि ज्याच्याकडं पिशवीच नाही, लॅपटॉपची काळी बॅग आहे, तो तज्ज्ञ मार्गदर्शक. त्याला सगळे नमस्कार करतात आणि चार्जिंगचं बटण कुठंय ते दाखवतात.

या वेळच्या पत्रात विषय होता ‘शैक्षणिक नेतृत्व व वर्गनिरीक्षण : दोन दिवसीय कार्यशाळा’. बोलावणं होतं मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना आणि विषय साधन व्यक्तींना. म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला ज्यांनी काहीतरी सांगायचं असतं, अशा सगळ्यांना. कार्यशाळा कुणाची आणि कोणत्या सालची, हे मी सांगत नाही, आणि सांगूनही उपयोग नाही. या भागातल्या कुठल्याही मास्तरानं हा लेख वाचला तर तो म्हणेल, ‘ही आमचीच,’ आणि साल वेगळंच सांगेल.

दोन दिवसांत नेता तयार होतो, हे आमच्या तालुक्याला पटायला जरा जड जातं. इथं माणूस सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडतो, दहा गावच्या लग्नांत फेटा बांधून घेतो, कुणाच्याही मयताला पहिला हजर राहतो, तेव्हा कुठं लोक त्याला ‘नेते’ म्हणायला लागतात. तेही निम्मं चेष्टेनं. याच वडुजात 9 सप्टेंबर 1942 रोजी कचेरीवर तिरंगा लावायला निघालेला मोर्चा गोळीबाराला सामोरा गेला. त्यातल्या कुणाकडं नेतृत्वाचं प्रमाणपत्र असल्याची नोंद नाही. पण पहिल्याच तासाला पडद्यावर जे नेते आले ते टाय लावलेले होते, काचेच्या इमारतीत उभे होते आणि सगळ्यांचे दात उत्तम होते. मागल्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं, “ह्यांच्या शाळेचा पट किती?”

प्रश्न चेष्टेतला असला तरी खरा तोच होता. नेतृत्व करायचं ते कुणाचं? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला मुलं 150 च्या वर लागतात. खटावच्या वाड्यावस्त्यांवर दीडशे पोरं एका ठिकाणी बघायची तर पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेलाच जावं लागेल. त्यामुळं आमच्याकडचे पुष्कळसे मुख्याध्यापक म्हणजे ‘चार्ज’ असलेले शिक्षक. चार्ज म्हणजे कपाटाच्या चाव्या, जनरल रजिस्टर, गोल शिक्का, आडवा शिक्का, पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि ती कुरतडणाऱ्या उंदरांची नैतिक जबाबदारी. हाताखाली माणूस एकच. काही शाळांत तर तो एक माणूस सकाळी आपल्याच गाडीवर बसून आलेला असतो.

बदल्यांच्या धोरणात पती-पत्नी एकत्रीकरण नावाची एक सोय आहे. नवरा जावळीत आणि बायको माणात अशी ओढाताण होऊ नये, हा तिचा हेतू. पण एखाद्या ठिकाणी एकत्रीकरण इतकं मनापासून घडतं, की द्विशिक्षकी शाळेतले दोन्ही शिक्षक एकाच रेशनकार्डावर सापडतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या मॅडम अशा शाळेच्या होत्या. त्या सेवेत दोन वर्षांनी ज्येष्ठ, म्हणून चार्ज त्यांच्याकडं. पती उपशिक्षक. फाटकापर्यंत ‘अहो’ आणि ‘अगं’, फाटकाच्या आत ‘सर’ आणि ‘मॅडम’. रजेचा अर्ज ते रीतसर लिहून देतात आणि त्या रीतसर शेरा मारतात. एकदा त्यांनी किरकोळ रजा नाकारली होती म्हणे, कारण त्या दिवशी त्यांना स्वतःलाच माहेरी जायचं होतं. दोघांनी एकदम रजा घेतली तर शाळा बंद पडते. जाऊबाईंच्या डोहाळजेवणाला शासनाची हरकत असते ती अशी.

तर मार्गदर्शकांनी ऊर्जावर्धक खेळ घेतला, चार प्रकारच्या टाळ्या झाल्या, गट पडले, गटांना नद्यांची नावं मिळाली. आम्ही ‘येरळा’ गटात. येरळेसारखंच आमच्याकडंही उन्हाळ्यात फारसं काही वाहत नव्हतं. मग प्रत्येकाला एक रंगीत कागद देऊन सांगितलं, “आपल्या टीममधल्या सर्वांत अवघड सदस्याचं वर्णन लिहा. नाव लिहायचं नाही. मोकळेपणानं लिहा.”

मॅडमनी कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. बाकीचे दोन ओळींत उरकले. मॅडमनी कागद उलटला आणि मागच्या बाजूलाही लिहिलं. मार्गदर्शक कौतुकानं म्हणाले, “वा! या मॅडमचं निरीक्षण खोल दिसतंय. सदस्य किती दिवसांपासून आपल्यासोबत आहे?”

“मुलगा आता बारावीला आहे,” मॅडम म्हणाल्या.

मार्गदर्शकांना संदर्भ लागला नाही. सभागृहाला लागला.

दुपारच्या सत्राचा विषय अभिप्राय. शिक्षकाचा तास बघायचा, टिपणं काढायची, मग त्याच्याशी बोलायचं. बोलायची रीत ठरलेली : आधी कौतुक, मग सुधारणेची जागा, मग पुन्हा कौतुक. “तुमचं चुकलं” असं म्हणायचं नाही, “तुम्हाला स्वतःला हा तास कसा वाटला?” असं विचारायचं. आपण उत्तर द्यायचं नाही, ते त्याच्या तोंडून काढायचं. यावर बराच वेळ चर्चा झाली. एका ज्येष्ठ गुरुजींची शंका होती, की आमच्याकडं माणसाचं तोंड भरून कौतुक केलं, की त्याला वाटतं आता हा उसने पैसे मागणार. तेव्हा कौतुक किती करावं याचं काही प्रमाण आहे का? घटकसंचात प्रमाण दिलेलं नव्हतं.

मग भूमिकाभिनय. एकानं मार्गदर्शक व्हायचं, दुसऱ्यानं न ऐकणारा शिक्षक. न ऐकणाऱ्या शिक्षकाची भूमिका एका केंद्रप्रमुखांनी घेतली, आणि सांगतो, वडुजात तमाशाचे फड येऊन गेलेत, नाटकं होऊन गेलीत, पण एवढा जिवंत अभिनय झाला नसेल. “साहेब, तास घेतो की, पण मतदारयादीचं काम कोण करणार?” “साहेब, पोरगं पंधरा दिवस ऊसतोडीला गेलेलं, काल आलंय, त्याच्याकडून गटकार्य कसलं करून घेऊ?” “साहेब, तुम्ही सांगता तसंच करतोय, मुलंच तसं करंनात.” नजर खाली, पण आवाज नम्र, पाठ वाकलेली, पण जागेवरून इंचभरही न हललेली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मार्गदर्शकांनी विचारलं, “हे संवाद आयत्या वेळी सुचले?” केंद्रप्रमुख म्हणाले, “सुचायचं काय त्यात? रोजचं ऐकणं आहे. नुसतं पाठ केलं नव्हतं, एवढंच.”

या केंद्रप्रमुख जमातीबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. 1994 साली राज्यात हे पद आलं. साधारण दहा शाळांमागं एक, राज्यभरात 4,860. कल्पना नामी होती. विस्तार अधिकाऱ्याकडं शाळा भाराभर, तो वर्षातून येणार किती वेळा? तेव्हा शाळांच्या जवळ राहणारा, शिकवण्यात मुरलेला एक माणूस असावा; त्यानं वर्गात बसावं, मास्तराला मदत करावी. पुस्तकी भाषेत ज्याला आज शिक्षक-मार्गदर्शक म्हणतात तो हाच. पण जवळ राहणारा माणूस सापडला म्हटल्यावर शासनाच्या ध्यानात आलं, की याच्याकडून माहितीसुद्धा मागवता येईल. तेव्हापासून केंद्रप्रमुख माहिती मागतो आहे. गणवेश किती वाटले, नळाला पाणी आहे का, असल्यास किती, नसल्यास का नाही. ‘तात्काळ’, ‘अतितात्काळ’, ‘आज दुपारी तीनपर्यंत’. हे अतितात्काळ पत्र दुपारी चारला येतं, तो भाग वेगळा. त्या दिवशी आमच्या केंद्रप्रमुखांनी वर्गनिरीक्षणाचे पाच टप्पे वहीत टिपून घेतले, तेव्हा त्यांच्या मांडीवरचा फोन सारखा थरथरत होता. शेजारच्याला म्हणाले, “आज दोन शाळांना भेटी ठरवल्या होत्या. पण शाळाभेट कशी द्यावी याची कार्यशाळा लागली, म्हणून रद्द केल्या.”

हे वाक्य ऐकून मला कटगुण आठवलं. कटगुण हे याच खटाव तालुक्यातलं गाव, महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं. फुले 1882 साली हंटर आयोगापुढं निवेदन द्यायला बसले, तेव्हा बाकी पुष्कळ गोष्टींबरोबर त्यांनी शाळा-तपासणीचाही समाचार घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की देखरेख करणारी यंत्रणा अपुरी आणि सदोष आहे. डेप्युटी वर्षातून एकदा येऊन जातो, त्यानं शाळेला काही फायदा होत नाही. निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि अधूनमधून कुणाला न कळवता यावं. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक शिकून तयार झालेला असावा आणि त्याला निदान 12 रुपये पगार असावा, अशीही मागणी केली. पगाराचं काम यथावकाश झालं. तपासणीचं मात्र आम्ही भलतंच करून ठेवलं. फुले म्हणत होते, साहेबानं शाळेत यावं. आम्ही सव्वाशे-दीडशे वर्षं विचार केला आणि शाळेलाच साहेबाकडं बोलावून घ्यायला लागलो. आणि न कळवता यायचं म्हणाल, तर परवा एक साहेब न कळवता येणार असल्याचा निरोप तालुक्याच्या तिन्ही ग्रुपवर आदल्या रात्रीच पडला होता. सकाळी सगळ्या शाळांत रांगोळी.

फुल्यांचं नाव निघालं म्हणून आणखी एक. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे खटावच्याच जिल्ह्याच्या. त्यांना आधी जोतिरावांनी घरी शिकवलं, मग त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडं आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कुलात शिक्षिकेचे धडे घेतले. आपल्याकडच्या शिक्षक-मार्गदर्शनाचा पहिला मोठा प्रयोग हा असा नवरा-बायकोतला आहे. मी हे शेजारच्या मॅडमना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “जोतिरावांना शिकवणं सोपं होतं हो, सावित्रीबाई ऐकणाऱ्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीपेक्षा माणसं कमी होती आणि सह्या तेवढ्याच होत्या. सकाळच्या सत्रात जरा पाश्चात्त्य विद्या झाली. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स नावाचे दोन अभ्यासक 1980 पासून सांगत आलेत, की शिक्षकाला नुसतं व्याख्यान दिलं तर वर्गात त्यातलं फारसं काही उतरत नाही. पद्धत करून दाखवावी लागते, त्याच्याकडून करून घ्यावी लागते, त्यावर कुणीतरी बोलावं लागतं, आणि हे सगळं झाल्यावरही त्याच्या वर्गात जाऊन काही काळ त्याच्याबरोबर राहावं लागतं. तेव्हा कुठं नवी पद्धत त्याच्या अंगवळणी पडते. मला हे मनापासून पटलं. एवढंच, की ते आम्हाला व्याख्यानातून सांगण्यात आलं, पडदे ओढून, सलग दीड तास. त्यामुळं सिद्धान्त तिथल्या तिथं सिद्ध झाला. जेवणानंतर कुणालाही त्यातलं एक नाव सांगता आलं नाही. ‘शॉवर्स’ एकाच्या लक्षात होतं, कारण त्याच्या घरी बाथरूमचं काम चालू होतं.

आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय, की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला निदान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत, आणि मुख्याध्यापकांनीही तेवढेच. त्याआधी वर्षभर, 2019 च्या ऑगस्टात, ‘निष्ठा’ सुरू झाली होती, देशातल्या 42 लाख शिक्षक-मुख्याध्यापकांना प्रशिक्षित करण्याचा बेत घेऊन. मग करोना आला आणि निष्ठा मोबाईलवर गेली. त्या काळात तालुक्यातल्या घराघरांत व्हिडिओ चालू असायचा आणि मास्तर गोठ्यात असायचे. अध्यापनशास्त्राचे कितीतरी तास आमच्या म्हशींनी पूर्ण केलेत. प्रमाणपत्र मास्तरांच्या नावावर आलं एवढाच काय तो अन्याय.

प्रत्यक्ष सभागृहातल्या कार्यशाळांची वाट वेगळी. ती वरून खाली येते. राज्यातले निवडक लोक पुण्यात शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला, आणि केंद्रातून शाळेत जे पोचतं त्याला पीडीएफ म्हणतात. आमच्या खटाव-माण-खानापूर-आटपाडी पट्ट्यातले गलाईवाले देशभर गावोगाव दुकानं थाटून बसलेत. मिसळीचं सोनं-चांदी भट्टीत गाळून ते शुद्ध करून देतात. प्रशिक्षणाची गलाई त्याच्या बरोबर उलटी. पुण्यात शुद्ध निघालेला माल प्रत्येक भट्टीत थोडा थोडा मिसळ होत वडूजला पोचतो. पुण्यात समजा सांगितलं, ‘मूल चुकलं की लगेच दुरुस्त करू नका, ते असं का चुकलं ते आधी समजून घ्या.’ जिल्ह्याला ते होतं, ‘चूक लगेच दुरुस्त करू नका.’ तालुक्याला, ‘चुका दुरुस्त करायच्या नाहीत.’ आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक गुरुजी निवांतपणे पाय पसरत सांगतात, “आता वह्या तपासायच्या नाहीत, असा जीआर आलाय.”

उलट दिशेनं गेलेली एक गोष्टही याच जिल्ह्यात घडली, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. कुमठे बीट. प्रतिभा भराडे तिथं विस्तार अधिकारी होत्या. त्यांनी ज्ञानरचनावाद नावाचा जड शब्द घेतला आणि आपल्या बीटमधल्या शिक्षकांबरोबर पोरांच्यात जमिनीवर बसून त्याचं काय करता येतं ते बघितलं. पोरं खडे, बिया, कागदाचे कपटे घेऊन गणितं करायला लागली, वाचायला लागली, प्रश्न विचारायला लागली. बातमी पसरली. 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं त्या सुमाराला तर राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याला लागत होत्या. जसे पंढरीला जातात तसे लोक आले, बघितलं, थक्क झाले, आणि फोटो काढून गेले.

फोटोत काय येतं? फोटोत फरशी येते. कुमठ्याच्या वर्गांत फरशीवर आकडे, अक्षरं, गोल, चौकोन रंगवलेले होते. पोरांना त्यावर बसून काम करता यावं म्हणून. पुढच्या वर्षभरात आसपासच्या गावांत ऑइलपेंट मिळेना, इतकी फरशी रंगली. लोकवर्गणी निघाल्या. सरपंचांनी डबे दिले. आमच्या शेजारच्या एका शाळेत फरशी इतकी सुरेख रंगवली, की खराब होऊ नये म्हणून गुरुजींनी पोरांना तिच्यावर बसायला बंदी केली. पोरं व्हरांड्यात, अक्षरं वर्गात. रंग मोटारसायकलवरून कुठंही नेता येतो. एक अधिकारीण बाई तासभर एका पोराशेजारी मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी त्या वर्गाचा मास्तर बसला होता, हे कशात भरून न्यायचं? त्याला डबा नाही. ते फोटोतही येत नाही; आलंच तर पाठमोरं येतं.

समारोपाला उत्तर-चाचणीची लिंक आली. ती उघडेना. मग उघडली, तेव्हा तिच्यात पूर्व-चाचणीचेच प्रश्न होते, आणि सगळ्यांना पूर्व-चाचणीपेक्षा कमी गुण पडले. म्हणजे दोन दिवसांत आम्ही मागं गेलो होतो. मार्गदर्शक गडबडले, भले माणूस होते. मागच्या बाकावरच्या ज्येष्ठ गुरुजींनी त्यांना धीर दिला : “काळजी करू नका सर, परत एकदा भरतो. आता उत्तरं माहीत झालीत.”

जाताना प्रत्येकाला एक निरीक्षण तक्ता मिळाला. आठ दिवसांत आपल्या शाळेतल्या एका शिक्षकाच्या तासाचं निरीक्षण करायचं, तक्ता भरायचा, निरीक्षण करतानाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासकट, आणि लिंकवर टाकायचा. मॅडमनी तक्ता घडी घालून पिशवीत ठेवला. स्टँडजवळ भाजी घेताना त्या दिसल्या, तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी ठरल्यासारखं होतं.

पुढची हकीगत मला त्यांच्या सरांनीच सांगितली, महिनाभरानं, वडूजच्या बाजारात.

मॅडमनी मंगळवारचा तिसरा तास निवडला. सर तिसरी-चौथी एकत्र घेतात, मॅडम पहिली-दुसरी. मॅडम निरीक्षणाला सरांच्या वर्गात जाऊन बसल्या, तशी पहिली-दुसरीही त्यांच्या मागोमाग आली. पोरांना एकटं कसं ठेवणार? म्हणजे अख्ख्या शाळेनं सरांचं निरीक्षण केलं. पोषण आहाराच्या मावशी खिचडीवर झाकण ठेवून दारात उभ्या राहिल्या, त्या आल्या त्या हलेचनात.

सरांनी हातच्याची वजाबाकी घेतली. फळ्यावर 42 वजा 17. तिसरीतल्या एका पोरीला बोलावलं. तिनं न अडखळता लिहिलं, 35. सर म्हणाले, “हातचा घ्यायला विसरलीस,” आणि खोडायला डस्टर उचललं. इतक्यात मागून मॅडम म्हणाल्या, “सर, थांबा. खोडू नका.” एरवी घरात हे वाक्य वेगळ्या सुरात येतं, म्हणून सर जागच्या जागी थबकले.

मॅडमनी पोरीला विचारलं, “हे कसं केलंस गं?” पोरगी म्हणाली, “चारातून एक गेला, तीन. सातातून दोन गेले, पाच.”

“सातातून दोन का? वर तर दोन आहेत.”

“बाई, मोठ्यातून लहान वजा करायचा असतो ना?”

आता सर सांगतात ते ऐका. “मी मॅडमकडं बघितलं. मॅडम फळ्याकडं बघायला लागल्या. ते वाक्य तिसरीतलं नव्हतंच. ते पहिलीतलं होतं. ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हे ह्यांनीच दोन वर्षं घोकून घेतलेलं. पोरगी विसरली काहीच नव्हती, उलट सगळं ध्यानात ठेवून आली होती. मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला स्वतःला हा तास कसा वाटला?”

त्यावर वर्गातच चर्चा सुरू झाली, ती मधली सुट्टी उलटून गेली तरी चालली होती. मॅडमचं म्हणणं, पहिलीत ते वाक्य सांगावंच लागतं, नाहीतर पोरं दोनातून सात काढायला बसतात. सरांचं म्हणणं, मग ‘मोठा आकडा’ म्हणू नका, ‘जेवढे आहेत त्यातून’ म्हणा, आणि चिंचोके हातात देऊन म्हणा. मॅडम म्हणाल्या, चिंचोके मागच्या वर्षी तुम्हीच शोभिवंत म्हणून तोरणाला लावले. मग दोघांनी मिळून त्या पोरीला दहा-दहाच्या काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि सतरा काढ म्हणून सांगितलं. पोरीनं दोन सुट्या काढल्या, थोडा वेळ गठ्ठ्याकडं बघितलं आणि कुणी न सांगता एका गठ्ठ्याचं रबर सोडलं. दुसरीतलं एक पोरगं ओरडलं, “आता जमतंय!” मावशींना तेवढ्यात खिचडीचा वास आला आणि त्या पळाल्या.

“एवढ्या वर्षांत,” सर म्हणाले, “आम्ही शाळेतल्या विषयावर भांडलो ते पहिल्यांदाच.”

मग तक्ता भरायची वेळ आली. तक्त्यात रकाने होते : शिक्षकाचा पोशाख, फलकलेखन, तंत्रज्ञानाचा वापर, वर्गसजावट, विद्यार्थ्यांचा सहभाग. तिसरीतली चूक पहिलीतून आली असल्यास ती कुठं नोंदवावी, याला रकाना नव्हता. मॅडमनी पोशाखापुढं ‘नीटनेटका’ लिहिलं. तंत्रज्ञानापुढं काय लिहावं यावर थोडा वाद झाला. काड्या आणि रबर हे तंत्रज्ञान आहे असं सरांचं मत, ते फेटाळलं गेलं. शेवटी ‘सुधारणेस वाव’ असा रकाना होता. तिथं मॅडमनी ‘आहे’ असं लिहिलं. कुणाच्या, ते विचारलेलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. खाली सरांनी ‘मान्य’ लिहून सही केली.

राहिला फोटो. दोन्ही शिक्षक फोटोत हवेत म्हणजे काढणारा तिसरा पाहिजे. चौथीतल्या एका पोराच्या हातात फोन दिला. पोरगं तसं हुशार, पण उंचीनं बेताचं. फोटोत सरांची पँट आणि मॅडमच्या साडीचा पदर आला, मुंडकी दोघांचीही कापली गेली. फळा मात्र लख्ख आला होता. फळ्यावर, खोडायचं राहून गेलेलं, 42 वजा 17 बरोबर 35. अक्षांश-रेखांश अचूक होते. लिंक पाचला बंद होणार होती, म्हणून मॅडमनी तोच फोटो टाकला.

दहा मिनिटांत वरून अंगठा आला. खाली लिहिलं होतं : “अतिशय सुंदर फलकलेखन. सर्वांनी आदर्श घ्यावा.”